लुंबिनीत न घेतलेली शपथ

माझी माय सुईण आहे. मोताळ्यापासून तासभर चालत गेलं की आमचं गाव लागतं. पोळ्याला बैल मिरवत निघणाऱ्या तरण्या पोरांपैकी निम्म्यांची नाळ तिनं कापलेली आहे. कुणब्यांची, माळ्यांची, पाटलांच्या घरची सुद्धा. बाईला कळा सुरू झाल्या की मायला निरोप यायचा. त्या वेळी कुणाला विटाळ आठवायचा नाही. माय सरळ माजघरात जायची, बाईला छातीशी धरायची, मूल हातात घ्यायची. आणि बाराव्या दिवशी, बारशाला, तीच माय त्याच घराच्या अंगणाबाहेर उभी असायची. लुगडं वरून तिच्या पदरात टाकलं जायचं. दिलं नव्हे, टाकलं. आत पाळणा हालायचा आणि माय बाहेर उभी राहून त्याची कुरकुर ऐकायची.

हे मी लहानपणापासून पाहत आलो आणि मला याची चीड आहे. आज हे लिहितानाही आहे. आम्ही बौद्ध झालो त्याला काही वर्षं लोटली होती. महाराष्ट्र राज्य नवं कोरं होतं. मोताळ्याच्या बाजारात टेबलावर उभा राहून जो तो समतेवर बोलत होता. आणि माझी माय अंगणाबाहेर उभी होती.

मॅट्रिक झाल्यावर मी पत्रकं लिहायला लागलो. ती आमच्या वस्त्या-वस्त्यांतून वाटायची, मोठ्यानं वाचून दाखवायची, हे माझं काम. एका पत्रकात सोडायच्या कामांची यादी होती. मेलेली ढोरं ओढू नका. मयताचे सांगावे घेऊन धावू नका. शिळं मागू नका. चौथं कलम मी स्वतः घातलं होतं: सुइणपण सोडा. आणि खाली ठळक टायपात, "ज्या हातात मूल पहिल्यांदा पडतं, तो हात पाळण्याला का चालत नाही?"

वाक्य चांगलं होतं. टाळ्या पडायच्या. पण प्रत्येक गावात एखादा तरी खवचट निघायचाच. "हे समदं बराबर हाये गा. पन तुही माय काऊन जाते मंग?"

मी मायला पत्रक वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नाही. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पह्यले तीन बराबर हायेत."

"आणि चौथं?"

"चौथं तुले कोनं सांगतलं? तू कवा बाळंत झाला व्हता?"

बाप बाजेवर पडल्या पडल्या खो खो हसला. मी हसलो नाही. हा वाद आमच्या घरात दोन वर्षं चालला. मी म्हणायचो, हे गुलामीचं काम आहे. माय म्हणायची, गुलामी अंगनात हाये, माजघरात नाई. मी म्हणायचो, मग अंगणात उभी राहू नको. ती म्हणायची, मंग लेकरू कोन काढन, तुहं पत्रक?

बाप मलकापूरला रेल्वेत गँगमन. वर्षाकाठी त्याला घरच्यांसाठी पास मिळायचा. तो पास आजवर भुसावळच्या आत्याकडे जाण्यापलीकडे कधी कामी आला नव्हता. त्या वर्षी मी म्हटलं, लुंबिनीला जाऊ. भगवान बुद्ध जिथं जन्मले तिथं. मनात हेतू वेगळाच होता आणि तो मी लपवला नाही. मायला तोंडावर सांगितलं, "तिथं चल, आणि त्या जागेवर शपथ घे की सुइणपण सोडलं."

मला वाटलं ती नेहमीसारखी उडवून लावील. पण तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "चालन. तिथं गेल्यावर माहं मन म्हनन तसं. भगवानाच्या जागी खोटं बोलनार नाई. मनानं घेतलं, तं शपत घेईन आन पुन्हा कोनाच्या दारी जानार नाई. पन मनानं नाई घेतलं, तं तू पुन्हा हा इषय काढाचा नाई. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. मी जिंकल्यातच जमा होतो.

"म्या पासावर मलकापूर ते नौतनवा लिहून घेतलं," बाप म्हणाला. "शपतीचं काई लिहिलं नाई बे त्यात."

प्रवास लांबचा झाला. कपाशी वेचून झाल्यावरचे थंडीचे दिवस होते. मायनं भाकरी, तिळाची चटणी आणि ठेचा बांधून घेतला होता. तिसऱ्या दिवशी आम्ही छोट्या रुळाच्या गाडीत बसलो, तेव्हा बाप खाली उतरून रुळाची रुंदी पावलानं मोजून आला आणि सबंध डब्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "आपल्याहून अरुंद हाये." त्याचा चेहरा असा की स्वतःच्या शेताचा बांध मोजून आला आहे. नौतनव्याला रेल्वे संपली. पुढं थोडं चालल्यावर रस्त्यात एक आडवा बांबू होता, शेजारी दोन शिपाई शेकत बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, बांबू वर केला आणि पुन्हा शेकोटीकडे वळले.

बरंच पुढं गेल्यावर मायनं विचारलं, "परदेस कुठी लागते?"

"मांगच्या बांबूपासून लागला," बाप म्हणाला.

माय थांबली. मागं पाहिलं, पुढं पाहिलं. दोन्हीकडे सारखीच मोहरी, सारखंच धुकं. "माती तं तेच हाये," ती म्हणाली, आणि वाकून तिनं मातीला हात लावून पाहिला.

शेवटचा पल्ला बैलगाडीनं गाठला. गाडीवाला आम्हाला सोडून धर्मशाळेकडे गेला, आणि मी चक्रावून उभा राहिलो. इथं काहीच नव्हतं. मी काय काय कल्पून आलो होतो. घुमट, कमानी, दगडी भिंती. दिसत होतं ते सपाट रान, विटांचे ढिगारे, पायऱ्यांचं एक तळं, एक मोठं पिंपळाचं झाड, पांढऱ्या रंगाचं लहानसं देऊळ आणि त्याच्यामागं कठड्यात उभा असलेला एक दगडी खांब. आमच्या तालुक्यातलं कुठलंही मारुतीचं देऊळ याच्यापेक्षा मोठं निघालं असतं. जगातल्या एवढ्या लोकांचा गुरू इथं जन्मला आणि जागेची ही अवस्था? माझ्या डोक्यात लगेच पत्रक तयार व्हायला लागलं.

तिथल्या विहारातले एक म्हातारे भिक्खू आमच्याकडे आले. हिंदी मोडकं बोलायचे, पण सावकाश बोलायचे, म्हणून सगळं समजायचं. त्यांनी आम्हाला आधी खांबापाशी नेलं. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी एका राजानं तो उभा केला. वर वीज पडून तो चिरला होता. बापानं एक डोळा मिटून त्याला न्याहाळलं. "एवढा चिरला, तरी वळंब्यात हाये, नीट सरळ," तो म्हणाला, आणि डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. माझ्या बापानं स्टेशनमास्तरपुढं सोडून कुठं मुंडासं काढलेलं मी पाहिलं नव्हतं.

खांबावर अक्षरं कोरली होती. भिक्खूंनी बोट फिरवत अर्थ सांगितला. राजा इथं स्वतः आला, त्यानं वंदन केलं, गावाचा कर कमी केला. आणि मधेच एक लहान वाक्य: इथं बुद्ध जन्मले.

मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. इथं बुद्ध जन्मले. बस, एवढंच. विशेषण नाही. उद्गारचिन्ह नाही. जाड टाईप नाही. माझी पत्रकं आठ दिवसांत मोताळ्याच्या भज्यांच्या गाडीवर पोचायची, तेल पिऊन पारदर्शक व्हायची. आणि हे एक पत्रक इथं उभं होतं. राज्यं बुडाली, विहार मोडले, रान माजलं, ज्यांनी वाचायचं ते उरले नाहीत, अक्षर वाचण्याची विद्यासुद्धा लोक विसरले, तरी ते त्याच जागेवर तेच सांगत उभं होतं. मी तळहात दगडाला लावला. दवानं तो गार पडला होता. मला बोलता येईना. मी, ज्याला टेबलावर चढवलं की खाली उतरवावं लागतं, तो मी. धुकं हळूहळू वर चाललं होतं आणि एवढ्या मोठ्या रानात मी एका ओळीपुढं उभा होतो. माझ्या आयुष्यात मी कुणाला जे पटवून द्यायला धडपडत होतो, त्याचं मूळ या गवतात, या विटांत होतं. इथं एका बाईच्या पोटी माणूस जन्मला. देव नव्हे, अवतार नव्हे. माणूस.

मग आम्ही देवळात गेलो. आत काही पायऱ्या उतरून जावं लागत होतं. अंधार, तेलाचा वास, ओल. डोळे सरावल्यावर दिसली ती भिंतीपाशी उभी केलेली माणसाच्या उंचीची शिळा, तिच्यावर बुद्धजन्माचा देखावा कोरलेला. शेंदरानं माखलेली. खाली तांदूळ, फुलं, हळद. आणि एक गरोदर बाई, तिथल्याच गावातली, हातात पाय बांधलेली कोंबडी घेऊन हात जोडून उभी.

माझं टाळकं सणकलं. भगवान बुद्धांच्या आईला यांनी देवी करून टाकलं! ज्याला हिंसा नको होती, त्याच्या जन्मस्थानी कोंबडी! मी त्या बाईला तोडक्या हिंदीत सुनवायला लागलो, "ये देवी नहीं है! ये माँ है, भगवान की माँ! इधर मुर्गी..."

"चूप बस," माय म्हणाली.

"अवं माय, पण हे..."

"चूप बस म्हनलं ना. तिचे दिवस भरत आले. दिसत नाई तुले? भेवानं आली थे इथं."

मी वळून पाहिलं. बाई घाबरून एका कोपऱ्याला सरकली होती. माय शिळेजवळ गेली. चेहरे झिजून गेलेले होते. कुणाला नाक नाही, डोळे नाहीत. मी डोळे ताणून पाहत होतो आणि मला नुसते उंचवटे दिसत होते. मायनं पाहण्याच्या भानगडीत न पडता भिक्खूंना हातानं विचारलं, लावू? त्यांनी मान हलवली. मायनं डोळे मिटले आणि शिळेवर हात ठेवला.

तो हात मी ओळखतो. तळवा जरा पोकळ, बोटं एकमेकांना न चिकटलेली. बाईच्या पोटावरून फिरवते तसाच तिनं तो दगडावरून फिरवला, वरून खाली, कुठं दाब देत, कुठं नुसता टेकवत. आणि हळू आवाजात बोलायला लागली.

"हा हात वर हाये. फांदी धरली. उभ्यानं बाळंत होऊन राह्यली." हात खाली आला. "कंबर इकडं कलली. बराबर हाये, कळ आली का बाई असीच कलते. हे दुसरी कोन जवळ?"

भिक्खूंनी सांगितलं, ती तिची बहीण.

"बहीन नाई, सुईन हाये," माय म्हणाली. मग जरा थांबून, "असंल, बहीन बी असंल. पन हात सुईनीचा हाये. पाह्य, कंबरीच्या बराबर खाली लागला." बोटं आणखी खाली गेली आणि थांबली. तिथं एक लहान आकृती होती, उभी. मायनं डोळे उघडले. माझ्याकडं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिलं नव्हतं. "अरे, हा तं पायाळू!"

मला हसू यायला हवं होतं. मूल जन्मतःच उभं राहिलं, सात पावलं चाललं, अशी ती जुनी कथा. शिल्पकारानं म्हणून त्याला उभा दाखवला. आणि माझी माय, पायांकडून येणारी लेकरं बाहेर काढून काढून जिची बोटं वाकडी झालीत, ती म्हणत होती पायाळू. चूकच होती ती. पण मला हसू आलं नाही. पत्रकात मी लिहिलं होतं की भगवान माणूस होते. ते मी वाचून लिहिलं होतं. मायला ते आत्ता हाताला लागलं होतं.

"मंग काय झालं?" तिनं भिक्खूंना विचारलं. "मायचं काय झालं?"

भिक्खू म्हणाले, सातव्या दिवशी ती गेली.

माय दगडावर हात तसाच ठेवून उभी राहिली. पायऱ्यांवरून वर येणारा उजेड तिच्या पाठीवर पडला होता. कोंबडी एकदा फडफडली, मग गप्प. मी मायच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ती प्रार्थना करत नव्हती. ती हिशेब लावत होती, बाळंतिणीचा, सात दिवसांचा.

"सातव्या दिवशी म्हंजे ताप आला असंल," ती शेवटी म्हणाली. "पायाळू लेकरू, उभ्यानं, रानात. वार आत राह्यली असंल अर्धी. कोनं पाह्यलं नसंल." मग दगडाला, त्या नाक-डोळे नसलेल्या बाईला, अगदी गावातल्या एखाद्या सुनेला म्हणावं तशी म्हणाली, "बाई, मी असती ना, तं तुले जाऊ देली नसती."

भिक्खूंनी हात जोडले. कुणाला जोडले ते मला ठरवता आलं नाही.

माय माझ्याकडं वळली. "तू मले इथं शपत घ्याले आनलं. हिच्यासमोर?"

मी मान खाली घातली.

"बोल ना. हिच्यासमोर सांगू का म्या हात काढून घेतला?"

"नको," मी म्हटलं.

पायऱ्या चढून आम्ही वर आलो. ती गरोदर बाई आमच्या मागोमाग आली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. तळ्याच्या पायरीवर मायनं तिला बसवलं, पोटावर हात ठेवला, मान हलवली, बोटांनी दाखवलं, डोकं खाली आहे, ठीक आहे, अजून इतके दिवस. बाई आधी ऐकत राहिली, मग हसली, मग पदरात तोंड लपवून हसली. कोंबडीचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. जाताना ती बाईच्या काखेत जिवंत होती.

बाप तळ्यात पाय सोडून बसला होता. मला म्हणाला, "काय बे, पत्रकवाले?" मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. धुकं पुरतं विरलं होतं आणि उत्तरेला, रानाच्या पार टोकाला, ढगासारखं काही पांढरं दिसत होतं. ढग नव्हता तो, डोंगर होता. आम्ही तिघं बराच वेळ त्याच्याकडं बघत बसलो.

गावी परतल्यावर मी पेटी उघडली. उरलेल्या प्रत्येक पत्रकावरचं चौथं कलम शाईनं खोडलं. खालचं ठळक वाक्य ठेवलं. ते खरंच होतं.

पण माय माझ्यापेक्षा पुढं गेली. फाल्गुनात एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरची म्हातारी आमच्या अंगणात आली. तिची सून पहिलटकरीण, सातवा महिना. सुइणीला आधी सांगून ठेवायची पद्धत आहे. माय म्हणाली, "येईन. कळा लागल्या का कवाबी बोलवा, येईनच, त्याले अट नाई. पन बाराव्या दिवशी लेकराले पाळन्यात मी टाकीन. अंगनाबाहेर उभी राहनार नाई आन वरून लुगडं झेलनार नाई."

"तुह्या पोरानं शिकवलं का हे?" म्हातारी म्हणाली.

"नाई व. पोराले म्याच शिकवलं."

म्हातारी पुटपुटत गेली. मूल झालं, मुलगी. सरळ झाली. बाराव्या दिवशी बोलावणं येतं का नाही, यावर वस्तीत पैजा लागल्या. बोलावणं आलं. मी मायच्या बरोबर गेलो. आणि पाहतो तर पाळणा ओसरीवर आणून टांगलेला. मायला माजघरात घ्यावं लागू नये म्हणून पाळणाच बाहेर काढला होता! एवढी हुशारी यांच्याकडे!

"माय, चल परत. हा अपमान आहे."

माय माझ्याकडं न पाहता ओसरीच्या पायऱ्या चढली. या गावात हे कधी झालं नव्हतं. बायका भिंतीला लागून गप्प उभ्या. म्हातारी खांबाला टेकून दुसरीकडं पाहत होती. सून बाळाला घेऊन उंबऱ्यापाशी आली आणि तिनं ते मायच्या हातात दिलं. टाकलं नाही, दिलं. मायनं मुलीला पाळण्यात ठेवलं, दोरी धरली. थोडा वेळ दोरीची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. मग सुनेनंच पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि एकेक करून बाकीच्या बायकांनी तोंडं उघडली.

परतताना मी धुमसत होतो. ओसरी म्हणजे काय घर आहे का, असं म्हणालो. माय बांधावरून पुढं चालत होती.

"ओसरीपासून माजघर किती पावलं असंल?" तिनं विचारलं.

"चार-पाच."

"तो पायाळू पह्यल्याच दिवशी सात चालला म्हनते," ती म्हणाली. "मले चार चालाले किती दिस लागतीन, सांग बरं?"